फटाका कोणी वाजवला?

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये दिवाळीच्या सुमारास एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. चकलीची बशी हातात असते, बाहेर पाच नोव्हेंबरचे बाण आकाशात फुटत असतात आणि कोणी तरी सुशिक्षित, सुस्वभावी गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणतात, "इथले कॅथलिक बघा. त्यांच्याच माणसाचा पुतळा दरवर्षी जाळतात आणि तेही शेजारी उभे राहून टाळ्या वाजवतात. आपल्याकडच्यांना एवढा मोठेपणा कधी येणार?" 'आपल्याकडचे' म्हणजे कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या खोलीत आपल्याकडचे आम्हीच असतो. त्याआधी पाच मिनिटे याच गृहस्थांनी "तुम्ही मराठी फार छान बोलता हो" असे आमचे कौतुक केलेले असते. ओतूरमध्ये जन्मलेल्या माणसाने मराठी बोलू नये तर काय बोलावे, हे आम्ही विचारत नाही. विचारून विचारून तोंड दुखले आहे.

पण मोठेपणाचा मुद्दा सोडून देता येत नाही. तो चुकीच्या इतिहासावर उभा आहे आणि चुकीच्या इतिहासाचे बिल नेहमी आमच्या नावे फाटते.

आम्ही या देशात नवे होतो तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, कारण नव्या माणसाला जे दिसते ते जुन्याला दिसेनासे होते. ऑक्टोबर संपतो तेव्हा घड्याळे एक तास मागे जातात आणि साडेचार-पाचलाच अंधार पडतो. लँकेशायरमधल्या आमच्या गल्लीत त्या पहिल्या वर्षी संध्याकाळी धडाधड आवाज सुरू झाले. आमच्या घरातल्यांनी काय करावे? दिवे मालवले, पडदे ओढले आणि पोरांना मागच्या खोलीत नेले. १९९२-९३ चा काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या कानात आवाजाचा पहिला अर्थ दंगल हाच असतो. मग दारावर थाप पडली. शेजारच्या आयरिश वंशाच्या आजीबाई आल्याचा आणि काकवीचा केक घेऊन उभ्या होत्या. पार्किन म्हणतात त्याला. "मैदानावर चला, जाळ पेटवणार आहेत," म्हणाल्या.

मैदानावर दुमजली घराएवढी लाकडांची रास रचलेली होती. फळ्या, मोडकी दारे, दुकानांच्या मागे पडलेले लाकडी साचे. वर टोकाला जुने कपडे भरून केलेला एक माणूस बसवला होता. जाळ लागला तसा गर्दीने जल्लोष केला. गंधकाचा आणि सोऱ्याचा वास आला आणि खरे सांगायचे तर आम्हाला एकदम घर आठवले. शब-ए-बारातला हलव्याच्या वासाबरोबर हाच वास यायचा. मोहरमात आमच्या भागात गावोगावी अलावा पेटायचा. खड्ड्यातल्या त्या जाळाभोवती मुसलमानांइतकेच मराठे, माळी, कोळी फिरायचे आणि पंजासमोर नवस बोलायचे. त्यामुळे मैदानावरचा जाळ आम्हाला परका वाटला नाही. जाळावर बसवलेला माणूस मात्र परका वाटला. आमच्या पोराने विचारले, "अब्बा, तो कोण आहे? त्याने काय केलं?" आजीबाईंनी उत्तर दिले नाही. नुसत्या म्हणाल्या, "माझे वडील आम्हाला बाण उडवू द्यायचे, पण बाहुला जाळू द्यायचे नाहीत." त्या कॅथलिक आहेत, हे आम्हाला तेव्हा कळले.

तर तो माणूस गाय फॉक्स. ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहाखालच्या तळघरात तो सापडला. बरोबर दारूची ३६ पिंपे होती. दुसऱ्या दिवशी राजा पहिला जेम्स संसदेत येणार होता; राजा, उमराव, धर्मगुरू सगळे एका धडाक्यात उडवायचे असा बेत होता. कटात तेरा जण होते, रॉबर्ट केट्सबी हा त्यांचा म्होरक्या, आणि सगळे कॅथलिक होते. कट खरा होता. तो यशस्वी झाला असता तर शेकडो माणसे मेली असती. छळातून निघालेली असली तरी ती क्रूर योजना होती आणि पकडले गेले त्यांना शिक्षा झाली. फॉक्सला ३१ जानेवारी १६०६ रोजी मृत्युदंड दिला. इथपर्यंत आमचे कोणाशीही भांडण नाही. गुन्हेगाराला त्याच्या गुन्ह्याची शिक्षा व्हावी, हे सांगायला आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

भांडण पुढच्या पानापासून सुरू होते. तेरा माणसांचा कट होता आणि शिक्षा एका अख्ख्या जमातीला झाली. १६०६ साली संसदेने दोन गोष्टी केल्या. पाच नोव्हेंबर हा दिवस देशभर प्रार्थना करून पाळायचा, असा कायदा केला. आणि कॅथलिकांवर नवी बंधने घातली: वकिली बंद, वैद्यकी बंद, राज्याच्या चर्चमध्ये येऊन वर्षातून एकदा तरी प्रसाद घ्यायचा, नाही घेतला तर दंड. त्यातच निष्ठेची शपथ आली. पोपला आमच्या राजाला पदच्युत करण्याचा अधिकार नाही, तसे मानणे हे पाखंड आहे, असे कॅथलिकाने शपथेवर म्हणायचे. ही शपथ सगळ्यांना नव्हती. ज्याच्यावर संशय, त्यालाच होती.

इथे जॉर्ज ब्लॅकवेल नावाच्या माणसाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. गाय फॉक्सचे नाव इंग्लंडातल्या शाळकरी पोराला पाठ असते. ब्लॅकवेलचे नाव कोणी घेत नाही. हा इंग्लंडातल्या कॅथलिक पाद्र्यांचा प्रमुख होता. कट उघडकीला येताच त्याने त्याचा निषेध करणारे पत्र काढले. म्हणजे आज आमच्या प्रत्येक जमातीच्या अध्यक्षाकडून, प्रत्येक मौलानाकडून, प्रत्येक कवीकडून जे मागितले जाते ते त्याने न मागता दिले. १६०७ साली त्याला पकडले. तुरुंगात त्याने निष्ठेची शपथही घेतली आणि आपल्या लोकांनाही ती घ्यायला सांगितले. मग काय झाले? पोपने शपथेचा धिक्कार केला होता, म्हणून रोमने १६०८ साली ब्लॅकवेलला पदावरून काढले. तो आपल्या लोकांना विकला गेलेला वाटला. आणि ज्या राजाची शपथ त्याने घेतली त्या राजाने तरी सोडले का? नाही. शपथ घेतलेला, निषेध केलेला, आपल्या धर्मपीठाचा रोष ओढवून घेतलेला हा म्हातारा १६१३ साली लंडनच्या क्लिंक तुरुंगातच मेला.

आमच्यातले जे लोक आयुष्यभर दोन्हीकडून मार खातात, त्यांनी ब्लॅकवेलची गोष्ट वाचावी. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. आमच्याच लोकांनी त्यांना कोणकोणत्या शिव्या दिल्या, हे आमच्या वडील पिढीला ठाऊक आहे. दलवाईंची सगळीच मते आम्हाला मान्य आहेत असे नाही. पण दलवाईंचे दाखले देऊन "असे मुसलमान हवेत" म्हणणाऱ्यांनी त्यांच्यामागून आलेल्या कोणत्या सामान्य मुसलमानाला घर भाड्याने दिले, हे आम्हाला एकदा मोजून सांगावे. निष्ठेची परीक्षा अशी असते की तिचा निकाल कधी लागत नाही. उत्तीर्ण झालात की पुढच्या इयत्तेची परीक्षा तयार असते.

इंग्लंडातल्या कॅथलिकांचेही तसेच झाले. १६६६ साली लंडन जळाले. आग एका बेकरीतून लागली होती. पण लोकांना कॅथलिक हवा होता. रॉबेर ह्यूबेर नावाच्या एका फ्रेंच माणसाने कबुलीजबाब दिला आणि त्याला फाशी दिले. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी त्याचे जहाज लंडनला लागले होते, हे मागाहून निष्पन्न झाले. कबुलीजबाब कसे होतात, हे मालेगाव-मुंबईच्या लोकांना समजावून सांगायला नको. त्या आगीच्या स्मारकस्तंभावर १६८१ साली ओळ कोरली की हे पोपवाल्यांच्या वेडाचे काम. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या लबाड माणसाने राजाला मारण्याचा कॅथलिक कट चालू आहे अशी थाप मारली. थापच होती. पण तीन वर्षे देश त्या थापेवर जगला आणि पंधराहून अधिक निरपराध माणसे वधस्तंभावर गेली. त्यांत आयर्लंडचा आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट शेवटचा, १६८१ साली. ओट्सला पुढे खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली, हे खरे. त्यानंतर राजा बदलला आणि त्याच ओट्सला सरकारी पेन्शन मिळाले, हेही खरे.

आणि या सगळ्या काळात दर पाच नोव्हेंबरला जाळ पेटत होता, घंटा वाजत होत्या आणि धर्मगुरू सरकारी प्रार्थना म्हणत होते.

आता आमच्या चकलीवाल्या मित्राच्या मोठेपणाकडे येऊ. आजचा कॅथलिक त्या जाळाशेजारी उभा राहून बटाटा खातो, हे खरे आहे. पण तो मोठ्या मनाचा झाला म्हणून उभा राहिला नाही. आधी १८२९ साली कायदा झाला आणि कॅथलिकाला संसदेत बसता येऊ लागले. १८३० साली स्मारकावरची ती ओळ छिन्नीने काढून टाकली. १८५९ साली पाच नोव्हेंबरच्या सक्तीच्या प्रार्थनेचा कायदा रद्द झाला; २५३ वर्षे तो चालला होता. त्यानंतरही पिढ्या गेल्या. तेव्हा कुठे तो जाळ नुसता जाळ झाला, शेकायला बरा. घटनांचा क्रम बघा. आधी राज्याने हात आवरला, मग शेजारी निवळले, आणि त्यानंतर ज्याचा पुतळा जळत होता त्याच्या नातवाला टाळी वाजवणे शक्य झाले. हा क्रम उलटा करून ज्याला जाळतात त्याच्याकडेच आधी टाळी मागणे याला मोठेपणा म्हणत नाहीत.

जाता जाता एक सांगतो: यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत गाय फॉक्स शिकला. ती शाळा आजही त्याचा पुतळा जाळत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्याला जाळणे बरे दिसत नाही, एवढेच कारण. आणि इंग्रजीत 'गाय' म्हणजे कोणीही माणूस, हा शब्दही या पुतळ्यावरूनच आला. आज पुण्यातली पोरेपोरी एकमेकांना 'गाईज' म्हणून हाका मारतात. चारशे वर्षांपूर्वीच्या राजद्रोह्याच्या नावाने हाका मारतो आहोत, हे त्यांना ठाऊक नसते. राग विझला की नावे अशी निरुपद्रवी होतात.

आमच्याकडे तो विझला आहे का? फटाक्यापुरतेच बोलू. १८ जून २०१७ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर पाकिस्तानने भारताला क्रिकेटच्या अंतिम सामन्यात हरवले. त्या रात्री बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मोहद या गावी, म्हणजे आपल्या जळगावच्या शिवेपलीकडे, मुसलमान वस्तीत फटाके वाजले, घोषणा झाल्या, असा आरोप झाला. पंधरा जणांना अटक झाली. गुन्हा कोणता? आधी राजद्रोह. मग तो टिकणार नाही असे लक्षात आल्यावर दोन समाजांत तेढ वाढवण्याचे कलम लागले. ज्या हिंदू शेजाऱ्याच्या नावाने तक्रार लिहिली होती तोच पुढे येऊन म्हणाला की मी अशी तक्रार दिलेलीच नाही. हे त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. खटला चालला, साक्षीदारांनी असे काही घडलेच नाही म्हणून सांगितले, आणि २०२३ साली न्यायालयाने निर्दोष सोडले. सहा वर्षे गेली. आरोपींतल्या एकाने २०१९ सालीच आत्महत्या केली होती. गरीब माणसे ती, मजुरी करणारी. फटाक्याची माळ विकत घ्यायला पैसे कुठून आले, हे विचारायचेही कोणाला सुचले नाही.

गाय फॉक्सजवळ ३६ पिंपे दारू तरी होती. मोहदच्या माणसांजवळ लवंगी फटाकाही सापडला नाही, आणि शब्द मात्र तोच: राजद्रोह.

ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पुन्हा हरला, तेव्हा आग्र्यात शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना अटक झाली आणि देशात कुठे फटाके वाजले याची चौकशी मोठमोठ्या खेळाडूंनीही केली. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा गुन्हा नाही. हे आमच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागते. सांगितले, याचे समाधान आहेच. १८२९ कडे जाणारा रस्ता असल्याच निकालांनी बांधला जातो.

आणि शब-ए-बारात? ८ सप्टेंबर २००६ ला शुक्रवार होता आणि शब-ए-बारातही. मालेगावच्या बड्या कब्रस्तानात माणसे आपल्या मुर्द्यांसाठी फातेहा पढायला जमली होती. स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले होती. मेले ते मुसलमान आणि पकडले तेही मुसलमान. नऊ जण. त्यांचे कबुलीजबाबही झाले. २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले; त्यांतला एक तोवर हयातच नव्हता. लंडनची आग लावल्याची कबुली देऊन फासावर गेलेला तो फ्रेंच माणूस आम्हाला या नऊ जणांचा दूरचा नातलग वाटतो.

कोणी म्हणेल, तुम्ही फक्त खोटे खटले सांगता. खरे कट झाले त्यांचे काय? झाले. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या गाड्यांत ५२ माणसे मारणारे चौघे मुसलमान होते. बारूदकटाला चारशे वर्षे होत होती, तेच वर्ष. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय झाले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्या वेळी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आमच्या कब्रस्तानात जागा नाही, असे मुंबईच्या मुसलमानांनी ठणकावून सांगितले आणि दिली नाही. मुसलमानाने मुसलमानाला मातीला जागा नाकारणे म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला त्याहून मोठी शपथ दाखवता येणार नाही. ती शपथ किती दिवस पुरली? पुढच्या सामन्यापर्यंत.

आता थोडे आमच्या घरातले. इथल्या मशिदीत नोव्हेंबर आला की एखादा तरुण मौलवी सांगतो की हा काफिरांचा सण आहे, मैदानाकडे फिरकू नका, नुसते बघणेही गुनाह आहे. काही आईबाप त्या आठवड्यात पोरांना शाळेतच पाठवत नाहीत. आम्हाला हे मान्य नाही. फटाक्यात पैसा जळतो, धूर होतो, म्हाताऱ्यांना आणि जनावरांना त्रास होतो, असे सांगा, आम्ही ऐकू. पण आतषबाजी ही आपली नव्हेच, असे सांगू नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातल्या दारूकामाचा सन १४०० पासूनचा इतिहास लिहून ठेवला आहे. त्यात सुलतानांचे दरबार आहेत तसे ओरिसाच्या गजपती राजाच्या नावचे संस्कृत पुस्तकही आहे. ज्या मलिक अंबरने आमच्या जुन्नरला निजामशाहीची राजधानी केली त्याच्या मुलाच्या लग्नात, १६०९ साली, विजापूरच्या आदिलशहाने नुसत्या दारूकामावर ८०,००० रुपये उडवले, असे इतिहासकार सांगतात. लंडनमध्ये दारूच्या भीतीने माणसे शपथा घेत होती त्याच वर्षांत आमच्या दख्खनमध्ये एक हबशी गुलाम वजीर होऊन मुलाच्या वरातीत चंद्रज्योती उडवत होता. आतषबाजी हा शब्द आमच्या भाषेतून मराठीत आला आणि मराठी झाला, आमच्यासारखाच. शब-ए-बारातचे फुलबाजे बंद करा, मोहरमचे अलावे बुजवा, पंजे गुंडाळून ठेवा असे सांगत सांगत ज्यांनी आमची गावकी तोडली, त्यांनी आम्हाला शुद्ध केले की एकटे केले, हा हिशेब एकदा मांडायला हवा. अलाव्याभोवती फिरणारा माळी-कोळी शेजारी आज आमच्या घरातला कोणता सण ओळखतो?

ज्या गावात तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी पाहायला मांडवी नदीच्या काठी माणूस मावत नाही, त्या ओतूरमध्ये वाढलेल्या आम्हाला दुसऱ्याच्या जत्रेत ईमान सांभाळून कसे उभे राहावे, हे लँकेशायरमध्ये जन्मलेल्या मौलवीकडून शिकायचे नाही. आम्ही दरवर्षी मैदानावर जातो. पोरांना बाण दाखवतो. बाहुला बनवायला मात्र पोरांना जाऊ देत नाही. आजीबाईंच्या वडिलांचा नियम आम्ही उचलला आहे.

कारण बाहुल्याची खोड वाईट असते. जुना बाहुला थंड झाला की लोकांना नवा लागतो. ससेक्समधल्या ल्यूइस गावात पाच नोव्हेंबरला अजून सतरा जळते क्रूस मिरवतात, पोप पाचवा पॉल याचाही पुतळा असतो. ते मेरी राणीने जाळलेल्या आपल्या सतरा हुतात्म्यांसाठी करतात आणि त्या हुतात्म्यांचे दुःखही खरेच होते. पण त्याच गावाजवळच्या फर्ल इथे २००३ साली जाळावर काय ठेवले? भटक्या जिप्सी लोकांची गाडी, खिडक्यांत बायकापोरे रंगवलेली, आणि पाटीवर त्यांना द्यायची शिवी. अटका झाल्या, खटला उभा राहिला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये काही लोकांनी ग्रेनफेल टॉवरची पुठ्ठ्याची प्रतिकृती करून अंगणात जाळली आणि हसत हसत तिचे चित्रीकरण केले. ग्रेनफेल म्हणजे ती इमारत जिच्यात १४ जून २०१७ च्या रात्री ७२ माणसे होरपळून मेली. त्यांत आमची माणसे खूप होती. रमजान होता, सहरीसाठी जागे असलेल्या मुसलमानांनी दारे ठोठावून कित्येक शेजाऱ्यांना उठवले होते. त्या प्रतिकृतीच्या खिडक्यांत सावळ्या चेहऱ्यांची कागदी माणसे चिकटवली होती. पोप, जिप्सी आणि आम्ही, एवढा त्या जाळाचा प्रवास. जुलै २०२४ च्या अखेरीस साउथपोर्टच्या मुलींचा खुनी मुसलमान आहे अशी खोटी अफवा उठली तेव्हा पुतळ्यावर भागले नाही. मशिदीवर दगड पडले आणि निर्वासित राहत होते त्या रॉदरहॅमजवळच्या हॉटेलला माणसे आत असताना आग लावली.

म्हणून आमच्या मित्राला आमचे सांगणे असे: कॅथलिकांचा मोठेपणा आम्हाला शिकवू नका, इंग्लंडच्या संसदेचा शिकवा. आणि तोही उशिराचा आहे, हे सांगायला विसरू नका. आजही कॅथलिक माणूस या देशाचा राजा होऊ शकत नाही. २०१५ पासून राजाची बायको कॅथलिक असलेली चालते, एवढेच. बाकी या देशात २००४ पासून फटाक्यांचा जो नियम आहे त्यात रात्री अकरानंतर फटाका वाजवायला बंदी आहे. सूट मोजक्याच रात्रींना: पाच नोव्हेंबरला बारापर्यंत, आणि नाताळनंतरच्या नव्या वर्षाला, चिनी नव्या वर्षाला व दिवाळीला एक वाजेपर्यंत. ईदचे नाव त्यात नाही. आम्ही मागितलेलेही नाही. दिवाळीचे आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद होतो आणि त्या रात्री आम्ही आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या अंगणात एकपर्यंत उभे असतो. त्यांना तिथे कोणी निष्ठा विचारत नाही. विचारली तर आम्ही त्यांच्या बाजूने बोलू.

सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकात भारताने पाकिस्तानला तीनदा हरवले. अंतिम सामना २८ तारखेला होता. गावाकडे मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून फटाके आणून ठेवले होते. भारत जिंकला तशी ती डबा घेऊन बाहेर आली. वडीलधाऱ्यांनी त्यांना दारातच अडवले. पोरे म्हणाली, "चाचा, आपण जिंकलोय!" चाचा म्हणाले, "ते तुला ठाऊक आहे. पलीकडच्या गल्लीला नुसता आवाज जाईल." पोरे थोडी कुरकुरली आणि आत गेली. डबा माळ्यावर ठेवला. पुढे उसात बिबट्या आला म्हणून गावातले लोक फटाके मागत दारोदार आले, तेव्हा तो खाली काढला.